आठव्या पट्ट्यावरची शांतता

१

रीळकाकांनी सकाळी साडेदहाला मशीन सुरू केलं, आणि गाण्यात वहिनी नव्हती.

ड्रम होते, बेस होता, दादाची गिटार होती. वहिनीनं जिथं तोंड उघडायचं तिथं मात्र कुणीच तोंड उघडलं नाही. पाहुणा कधीच उठून गेलाय हे न कळलेल्या यजमानासारखी वाद्यं आपली बोलत राहिली. काकांनी दुसरं गाणं लावलं. तिसरं लावलं. नवव्या गाण्यापर्यंत पोचेतो त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि तळघर तर थंडगार होतं.

"आवाजाचा पट्टा गेला," ते म्हणाले. "नऊच्या नऊ गाण्यांचा."

जुन्या छापखान्याच्या तळघरात त्यांचा स्टुडिओ होता. सगळं जग कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करत असताना हा माणूस अजून टेपच्या रिळाला चिकटून होता, म्हणून ते रीळकाका. रिळावर शेजारी शेजारी आठ पट्टे. सातांवर वाद्यं, आठव्यावर गाणारीचा आवाज. खोल्या दोन, खिडकी एकीलाही नाही. बाहेरच्या खोलीत मशीन, आणि आतल्या, कपाटाहून जेमतेम मोठ्या खोलीत माइक. तिला सगळे 'डबी' म्हणत. डबीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, दोन खोल्यांच्या मधे एक काच. सहा महिने चौघं या दोन खोल्यांत कोंडलेली होती.

चौघांत दादा गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा आणि बाकीच्या तिघांवर ओरडायचा. त्याची बायको, म्हणजे वहिनी, गायची. बेस वाजवणाऱ्याला उंट म्हणत, कारण तो उंच होता आणि पाठीवर कितीही लादलं तरी तोंडातून शब्द काढत नसे. ड्रमवर होती दादाची धाकटी बहीण, टिपरी. आईवडील गेल्यावर दादानंच तिला वाढवलं, तिच्या हातात टिपऱ्या दिल्या, आणि हे नावही त्यानंच पाडलं. दिवसा ती विमा कंपनीत नोकरी करायची. जळालेलं दुकान बघून आग लागली की लावली, हे सांगायचं तिचं काम.

सोमवारी रीळ कंपनीला पोचवायचं होतं. मग अल्बम, आणि अल्बमपाठोपाठ दौरा. दहा आठवडे, सव्वीस गावं, एक व्हॅन. चौघांच्याही सह्या झाल्या होत्या.

"मशीननं खाल्लं असेल?" टिपरीनं विचारलं.

"मशीन आठातला एकच पट्टा वेचून खातं का गं?" काका चिडले. "आवाज पुसायचा तर त्याच पट्ट्यावर पुन्हा रेकॉर्डिंग करावं लागतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चौतीस मिनिटं. कुणीतरी इथं बसून ते केलंय. काल संध्याकाळी मी कुलूप लावलं तेव्हा हिचा आवाज जागेवर होता."

कुलपाची दुसरी किल्ली जिन्यातल्या पत्रपेटीत असे. ते काकांखेरीज या चौघांनाच माहीत होतं. म्हणजे पुसणारा त्यांच्यातलाच, हे टिपरीला कळलं. पण खरं सांगायचं तर त्याच्याआधी क्षणभर तिला हलकं वाटून गेलं होतं. सव्वीस गावं टळली. सुटलो.

तिनं मान वर केली. उंटाच्या आणि वहिनीच्या तोंडावर तिला तेच दिसलं. दादा तेवढा भिंतीकडं तोंड करून उभा होता.

२

"पोलिसांत नको," रीळकाका म्हणाले. "टिपरी, तुझं रोजचं काम आहे हे. तू बघ."

"बघायचंय काय त्यात?" दादा गर्रकन वळला आणि उंटासमोर जाऊन उभा राहिला. "मघाशी काय म्हणालास? दहापर्यंत घरी पोरीला अंघोळ घालत होतो. मी आठाला फोन केला होता तुझ्या घरी. तुझी बायको म्हणाली, सातलाच बाहेर पडले. कुठं होतास?"

उंट बेसची वायर गुंडाळू लागला.

"बोल की! तोंडात मूग धरलेस का?"

उंटानं बेस उचलला, कव्हरमध्ये घातला, चेन लावली आणि जिना चढून निघून गेला.

"बघितलंत? झाला निवाडा," दादा म्हणाला. "तो आता या बँडमध्ये नाही."

नऊ वर्षांचा सोबती एका वाक्यात संपला. टिपरी धावतच वर गेली. उंट दोन चौक पुढं, बसथांब्याच्या बाकावर बेस मांडीवर घेऊन बसला होता. ती शेजारी बसली. तीन बस येऊन गेल्या तेव्हा कुठं त्याला कंठ फुटला.

"पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होतो. मुलाखत होती. नोकरी मिळाली."

"अरे, मग तसं सांगायचंस!"

"दौऱ्यावर सही केली आणि मी नोकरी शोधत फिरतोय, हे सांगू? पोरगी चार महिन्यांची आहे, टिपरे. दहा आठवड्यांनी परत आलो तर रडेल मला बघून."

"दादा तुला चोर म्हणतोय."

"चोर म्हटलेलं चालेल. पळपुटा म्हटलेलं नाही चालत. दादाला सांगू नकोस."

टिपरीनं वचन दिलं, आणि दुपारी कामावर रजा टाकून पाणीपुरवठ्याच्या ऑफिसवर गेलीच. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा तिला पगार मिळत नव्हता. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, बसनं पाऊण तासाचा रस्ता. फाटकावरच्या वहीत उंटाची तिरपी सही होती. आत आठ पस्तीस, बाहेर नऊ चाळीस.

उंट रात्रीच येऊन पुसून गेला नसेल, असं मात्र ही वही सांगत नव्हती.

३

वहिनी दाताच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घ्यायची. आतून ड्रिलचा आवाज येत होता, आणि बाकावरचा एक लठ्ठ गृहस्थ तो ऐकून बारीक होत चालला होता.

"मी आज स्टुडिओत वीस मिनिटं उशिरा आले, तेच विचारायचंय ना?" वहिनी हळू आवाजात म्हणाली. "विचार. काल घड्याळ डबीत राहिलं माझं, तिथल्या स्टँडवर. गाताना काढून ठेवते ना मी. आठ चाळीसला त्याचा गजर होतो तेव्हा मी घरातून निघते. आज गजरच नाही, बस चुकली."

"आणि दादा?"

"तो आठालाच गेला. गिटारच्या दुकानात जातो म्हणाला." तिनं एक कागद सरळ केला, तो सरळच होता. "टिपरी, तुला उद्या कळण्यापेक्षा आज माझ्याकडून कळलेलं बरं. माझी बॅग भरलेली आहे. दौरा झाला की मी ताईकडं जाणार आहे. परत यायचं की नाही, ठरवलेलं नाही."

टिपरीनं खुर्ची ओढून घेतली.

"तो माझं ऐकतच नाही गं. स्वयंपाकघरातून हाका मारून घसा बसतो, हा ढिम्म. रेकॉर्डिंगच्या वेळी मी दहादा म्हटलं, गाण्यात मागं काहीतरी किणकिण येतेय. तर म्हणतो, तुझ्या डोक्यात येतेय. नऊही गाणी तशीच पास केली त्यानं. मी म्हणजे भिंत. भिंतीला कुणी विचारतं का?"

"वहिनी, तू पुसलंस?"

"नाही." तिनं वहीत एक नाव लिहिलं. "पण पुसलं गेल्याचं कळलं ना, तेव्हा बरं वाटलं. ते पाप असेल तर माझ्या नावावर लिही."

आतून डॉक्टरांनी हाक मारली. लठ्ठ गृहस्थ उठले आणि दाराकडं जायच्याऐवजी रस्त्याकडं निघाले. वहिनी त्यांना अडवायला उठली, तेवढ्यात टिपरीचा फोन वाजला. रीळकाका होते.

"असशील तशी ये. तो पट्टा कोरा नाहीये."

४

काकांनी वाद्यांचे सात पट्टे बंद केले आणि आठव्याचा आवाज होता तेवढा वाढवला.

"पुसणारा माइक बंद करायला विसरला. त्याला वाटलं, कुणी गायलं नाही म्हणजे नुसती शांतता रेकॉर्ड होईल. पण माइक काही माणसासारखा कान बंद करून बसत नाही. ऐक."

आधी पावलं. मग डबीचं जड दार गादीवर दाबल्याचा आवाज. स्टूल करकरलं. म्हणजे बटण दाबून माणूस डबीत जाऊन बसला होता. मग श्वास. बराच वेळ नुसता श्वास, आणि त्याच्यामागं सुईसारखी बारीक किणकिण.

"ही किणकिण कसली?"

"डबीतल्या दिव्याची. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या दोन आठवड्यांत दादानं मशीन चालवलं आणि वहिनीचा आवाज घेतला ना, तेव्हापासून. नऊही गाण्यांत होती. काल पहिल्यांदा नीट ऐकलं आणि डोकंच फिरलं माझं. आज तुम्हा सगळ्यांना बसवून ऐकवणार होतो."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"फक्त दादाला. रात्री फोन केला त्याला. म्हटलं, आवाजात घोळ आहे, उद्या सगळे मिळून ऐकू आणि हा कुणाच्या कानाखालून सुटला ते बघू."

टिपरी पुढं काही विचारणार तोच काकांनी बोट वर केलं. सातवं मिनिट लागलं होतं.

पिप् पिप् पिप् पिप्.

माइकच्या अगदी तोंडाशी, टोचावं तसा आवाज. वीस सेकंद वाजला आणि थांबला. बाराव्या मिनिटाला पुन्हा. सतराव्याला पुन्हा.

टिपरीनं तो आवाज ओळखला. गेल्या वर्षी व्हॅनमधून जाता-येता त्यानं तिची झोप कितीतरी वेळा मोडली होती. डबीचं दार उघडून तिनं आत पाहिलं. गाण्याचे कागद ठेवायच्या स्टँडवर वहिनीचं घड्याळ पडलं होतं.

५

ती डबीतल्या स्टुलावर बसली. दार उघडंच ठेवलं, तरी गाद्यांनी छातीवर दाबल्यासारखं झालं.

गजर आठ चाळीसचा. तो सातव्या मिनिटाला वाजला, म्हणजे रेकॉर्डिंग आज सकाळी आठ तेहतीसला सुरू झालं. उंट तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला फाटकाशी पोचत होता. तो सुटला.

"काका, तुम्ही सकाळी इथं असता आणि ही पिपपिप सुरू झाली असती, तर काय केलं असतंत?"

"मी?" काका हसले. "वरच्या मजल्यावरचा नळ ठिबकला तरी मी उठून बंद करून येतो. हे घड्याळ पहिल्या 'पिप्'लाच जिन्यात भिरकावलं असतं."

आणि वहिनी? तिचं स्वतःचं घड्याळ, तेही हाताच्या अंतरावर. तिनं बटण दाबलं असतं आणि घड्याळ मनगटाला बांधूनच बाहेर पडली असती.

विम्याच्या कामात टिपरी एक गोष्ट शिकली होती. काय जळलं ते सगळेच बघतात. काय जळायला हवं होतं आणि जळलं नाही, तिथं बघायचं. बटण न दाबलं तर हे घड्याळ दर पाच मिनिटांनी वाजतं, एकूण सहा वेळा. टेपवर ते सहाही वेळा वाजलं होतं. या स्टुलावर बसलेल्या माणसानं हात लांबवला नाही. त्याचं स्टूल करकरलं नाही. त्याचा श्वाससुद्धा अडखळला नाही. जगातला कुठला माणूस अर्धा तास कानाशी गजर वाजू देईल?

तिनं आपल्या उजव्या मनगटाकडं पाहिलं. त्यावर पट्टी होती. दोन वर्षं ती ड्रमच्या झांजांवर घाव घालत होती, कारण प्रत्येक कार्यक्रमात पुढून दादाचा एकच आरडा येई. 'टिपरी, झांजा झोपल्यात का तुझ्या? जोरात मार!' तिला वाटे, आपणच कमी पडतोय. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर मनगट कामातून जाईल.

झांजांचा आवाज बारीक. दिव्याची किणकिण बारीक. घड्याळाची पिपपिप त्याहून बारीक.

"काका, मशीन बंद करा," ती म्हणाली.

डबीत बसलेल्या त्या माणसासाठी घड्याळ वाजलंच नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तिनं दादाला डबीत बोलावलं. "दोघंच बोलू," म्हणाली. घड्याळ तिच्या ओंजळीत होतं, गजर चारचा लावलेला. माइक चालू होता, आणि काचेपलीकडं, मशीनच्या अंधाऱ्या खोलीत, रीळकाकांशेजारी वहिनी बसली होती. सख्ख्या भावाला सापळा लावताना टिपरीला आपलीच किळस आली. पण न सांगावं तर उंट चोर ठरतो, आणि सांगावं तर ज्यानं घास भरवला त्याच्या घशात हात घालायचा. अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीला कुठली बाजू मऊ असते?

चार वाजले. तिच्या मुठीत घड्याळ कोकलू लागलं. दादा दौऱ्यासाठी नवा बेसवाला कुठून आणायचा ते सांगत होता. सांगतच राहिला.

"दादा, आत्ता काय ऐकू येतंय तुला?"

"इथं? काही नाही. म्हणून तर मला ही जागा आवडते."

तिनं मूठ उघडली आणि घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं. काचेवरचे आकडे उघडझाप करत होते. त्यानं ते कानाशी नेलं. दुसऱ्या कानाशी नेलं. मग हळूच मांडीवर ठेवलं.

"वाजतंय?" त्यानं विचारलं.

"हो."

"मोठ्यानं?"

"हो रे."

त्यानं घड्याळ पालथं घातलं. "तीन वर्षं झाली. आधी पाखरं गेली. मग फोनची घंटी, मग तुझ्या झांजा. डॉक्टर म्हणाले, स्टेजवरचा गोंगाट थांबवा, नाहीतर उरलंय तेही जाईल. मी सव्वीस गावांवर सही केली. सगळ्यांना ओढत इथवर आणलं होतं मीच. आता कुठल्या तोंडानं म्हणू की चालकच आंधळा आहे? परवा काका म्हणाले, आवाजात घोळ आहे. म्हणजे सगळ्यांसमोर विचारणार, तुला हे ऐकू आलं नाही? म्हटलं, पट्टाच नको. पुन्हा गाऊन घेऊ, चार दिवस मिळतील."

"आणि बटण दाबून इथं का येऊन बसलास?"

"बाहेर सगळ्यांना ऐकू येतं आणि मला येत नाही. इथं कुणालाच काही ऐकू येत नाही. इथं मी बाकीच्यांसारखा असतो."

दार उघडलं. वहिनी उभी होती. दादानं माइककडं पाहिलं, मग टिपरीकडं, आणि त्याला सगळं उमगलं.

"तीन वर्षं मी समजत होते, तुला माझं ऐकायचं नाहीये," वहिनी म्हणाली.

"ऐकू येत नव्हतं गं."

"हाका ऐकू आल्या नाहीत, कबूल. पण मी समोर उभी राहून सांगितलं किणकिण येतेय, ते तर ऐकू आलं होतं ना? तेव्हा माझ्या डोक्यात येते म्हणालास." ती एक पाऊल आत आली. "मला वेडी ठरवलंस, पण स्वतःला बहिरा म्हणवलं नाहीस."

दादानं घड्याळ तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं.

"मी पुन्हा गाईन," ती म्हणाली. "नऊही गाणी. आवाज माझा आहे म्हणून, तुझ्यासाठी नाही. मशीनवर काका बसतील, पास की नापास ते टिपरी सांगेल, आणि तू या जिन्याच्या खाली उतरायचं नाहीस. बॅगेचं मग बघू."

"आधी कंपनीला फोन कर," टिपरी म्हणाली. "तूच कर. आणि मग माझ्याबरोबर उंटाकडं चल."

७

फोन दादानंच केला, उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर. दौरा गेला. अल्बमचं रीळ आल्यावर बघू, असं पलीकडून म्हणाले. फोन ठेवताना त्याचे खांदे खाली आले होते. किती दिवसांनी, ते टिपरीला आठवेना.

उंटाचं घर चौथ्या मजल्यावर. दार त्यानंच उघडलं. खांद्यावर पोरगी, पोरीच्या तोंडात त्याची कॉलर. त्यानं दोघांना आत या म्हटलं नाही.

दादानं सगळं सांगितलं, जिन्यातच. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. खालच्या मजल्यावरची बाई दार किलकिलं करून ऐकत होती, तिलाही ऐकू दिलं.

"चूक झाली, माफ कर, एवढंच म्हणायला आलो नाही," शेवटी तो म्हणाला. "एक गोष्ट तुला ठाऊक नाही. बारीक आवाज सगळे गेलेत माझे. जाड तेवढे राहिलेत. स्टेजवर गेली दोन वर्षं मला धड ऐकू येतं ते एकट्या तुझं. तुझा बेस धरून मी वाजवतो. तो सुटला तर मला गाणं कुठं चाललंय तेही कळत नाही."

पोरगी कॉलर सोडून आता उंटाच्या कानाच्या मागं लागली होती.

"मग मलाच का हाकललंस?"

दादाला हा प्रश्न नीट ऐकू आला. टिपरीनं ते त्याच्या तोंडावर पाहिलं.

"तू उलट बोलणार नाहीस, हे माहीत होतं म्हणून."

खालच्या बाईनं दार अलगद लावून घेतलं.

"सोमवारपासून नोकरीवर जातोय," उंट म्हणाला. "सहाला सुटतो. सातनंतर हिला झोपवायचं असतं." त्यानं पोरीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आणि यापुढं मी बोलणार आहे."

"बोल," दादा म्हणाला. "जाड आवाजात बोल."

उंट हसला नाही. पण त्यानं दार लावलंही नाही. पोरीला घेऊन तो आत गेला, आणि जाता जाता पायानं दोन खुर्च्या टेबलाखालून बाहेर सरकवल्या.